खुलासा : लॅटिनवर बंदी कुणी घातली?

‘दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने लॅटिन मिस्सा रद्द केली, आता ती ऐकणारा चर्चबाहेर,’ असा मजकूर आपल्या ग्रुपांवर पुन्हा फिरतोय. त्यातली दोन्ही वाक्यं चुकीची आहेत. (मिस्सा म्हणजे कॅथलिकांची मुख्य उपासना; दुसरी व्हॅटिकन परिषद म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांची १९६२-६५ची सभा.)

परिषदेचा उपासनेवरचा दस्तऐवज ४ डिसेंबर १९६३चा. त्याच्या ३६व्या कलमात लॅटिनचा वापर जपावा, असं स्पष्ट आहे. लोकभाषेला वाव त्याच कलमात पुढे दिलाय. ११६वं कलम ग्रेगोरियन गायनाला, म्हणजे चर्चच्या पारंपरिक लॅटिन गायनाला, मानाचं स्थान देतं.

खरा गोंधळ इथे होतो : लॅटिन ही भाषा, जुनी मिस्सा हा विधी. परिषदेनंतर पोप सहाव्या पॉल यांनी आणलेला नवा मिस्साग्रंथही मुळात लॅटिनमध्येच आहे. मराठीतली मिस्सा त्याचंच भाषांतर. नवी मिस्सा लॅटिनमध्ये करायला धर्मगुरूला आजही खास परवानगी लागत नाही. (आणि जुन्या मिस्सेतलं ‘किरिये एलेइसोन’ (प्रभू, दया कर) तर ग्रीक आहे!)

निर्बंध आहेत ते जुन्या विधीवर, म्हणजे १९६२च्या मिस्साग्रंथातल्या मिस्सेवर. पोप सोळाव्या बेनेडिक्ट यांनी २००७ मध्ये त्याला मोकळीक दिली, पोप फ्रान्सिस यांनी १६ जुलै २०२१ला ती काढून घेतली. आता बिशपांची परवानगी हवी. २०२१च्या त्या आदेशानंतर अभिषिक्त झालेल्या धर्मगुरूंसाठी बिशपांनी रोमलाही विचारायचं. जाच आहे, मान्य. जुन्या विधीवर जीव असलेल्यांचं दुःखही खोटं नाही. पण परवानगीने होणाऱ्या अशा मिस्सेला बसणारा कॅथलिकच असतो.

मेसेज पुढे पाठवलाय त्यांनी हेही पाठवा.