सोलापूर हायवेवर ‘परदेशी ट्रक’? त्या मेसेजमधला एकेक मुद्दा बघू

सध्या सोलापुरातल्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. म्हणे बांगलादेश, नेपाळ, पाकिस्तानचे ट्रक बिनतपासणीचे बॉर्डर ओलांडून थेट आपल्या मार्केट यार्डापर्यंत येतात, ड्रायव्हरना आपल्या साइडनं गाडी चालवता येत नाही, त्यामुळं अपघात होतात, तर असा ट्रक ‘दिसला की अडवा’. शेवटचे तीन शब्द वाचून गप्प बसवलं नाही.

आधी मेसेजसोबतचा ट्रकचा फोटो. झूम करून बघा, नंबर डब्ल्यूबीनं सुरू होतो, म्हणजे गाडी पश्चिम बंगालची, मागं बंगालीत काहीतरी लिहिलंय एवढंच. बांगलादेशच्या नंबरप्लेटवर आकडेसुद्धा बंगालीत असतात. नॅशनल परमिटवर देशभर फिरणाऱ्या आपल्याच देशातल्या गाडीला परदेशी ठरवून मोकळे झाले.

आता ‘थेट येतात’ हे. बांगलादेशचा ट्रक पश्चिम बंगालच्या सीमेवरच्या पेट्रापोलला येतो, तिथल्या चेकपोस्टच्या आवारात माल उतरवतो आणि परत जातो, पुढं तो माल भारतीय गाडीत चढतो. गाड्या एकमेकांच्या देशात आतपर्यंत जाव्यात म्हणून भारत, बांगलादेश, नेपाळ, भूतान यांचा करार 2015 साली थिंफूला झाला, 2016 मध्ये ढाका ते दिल्ली ट्रकची ट्रायलसुद्धा झाली, पण भूताननं मंजुरी दिली नाही आणि रोजची वाहतूक काही सुरू झाली नाही. पाकिस्तानचे ट्रक तर व्यापार चालू होता तेव्हाही पंजाबच्या सीमेवर अटारीलाच रिकामे होऊन परत जायचे आणि 2025 च्या मे पासून तिथून माल आणायलाच बंदी आहे. नेपाळचं वेगळं आहे, तिथं सीमा उघडी आहे, माणसाला व्हिसा लागत नाही, पण व्यापाराच्या मालाला कस्टम्सचे कागद लागतातच.

साइडचा मुद्दा तर टिकतच नाही, या तिन्ही देशांत आपल्यासारखंच डावीकडनं चालवतात.

मग बॉर्डरवर धोका नाहीच का? आहे, आणि तो लपवायचं कारण नाही. 2019 च्या जूनमध्ये अटारीला पाकिस्तानातून आलेल्या सैंधव मिठाच्या गोण्यांत 532 किलो हेरॉईन सापडलं. काश्मीरमध्ये ताबारेषेवरनं 2008 पासून चालू असलेला व्यापार सरकारनं 2019 च्या एप्रिलमध्ये बंद केला, कारण त्या मालाआडून शस्त्रं, ड्रग्ज, खोट्या नोटा येत होत्या. म्हणजे ट्रकमधून काय येतंय ही काळजी शंभर टक्के बरोबर आहे, पण हे सगळं मालात लपवून येतं आणि पकडायचं ते तिथंच, बॉर्डरवर, त्याला पूर्ण ट्रक तपासणारे स्कॅनर लागतात, कुत्री लागतात, गोणी फोडून बघायला पुरेशी माणसं लागतात. मागायचं असेल तर खासदारांकडं हे मागा की. सोलापूरच्या नाक्यावर चार पोरांनी बंगालच्या ड्रायव्हरची कॉलर धरून एक ग्रॅम ड्रग्ज थांबणार नाही.

आणि अपघात म्हणाल तर हायवेवर रिफ्लेक्टर न लावता उभा केलेला ट्रक, ओव्हरलोड माल, दोन रात्री न झोपलेला ड्रायव्हर, हे सगळं आपल्याच गाड्यांचं आहे आणि त्यावर या मेसेजमध्ये अक्षर नाही.

अजून एक गोष्ट यार्डातल्या लोकांनी तरी विसरू नये. आपल्या भागातला कांदा बांगलादेशला जातो तो घोजाडांगा, महदीपूर, पेट्रापोल या पश्चिम बंगालच्या सीमेवरच्या नाक्यांवरनं, आणि सीमेपलीकडं उतरवायला जाणारी भारतीय गाडी तिथल्या लोकांसाठी परदेशीच असते. 2020 च्या सप्टेंबरमध्ये निर्यातबंदी अचानक आली तेव्हा कांद्याचे ट्रक तिथं अडकून माल सडला. उद्या पलीकडं कुणी असाच मेसेज फिरवला तर मार कुणाला बसणार?

‘अडवा’ लिहिणाऱ्यांनी राईनपाडा आठवावं. 1 जुलै 2018, धुळे जिल्हा, मुलं पळवणारी टोळी आली अशी अफवा मोबाईलवर फिरली आणि भिक्षा मागायला गेलेल्या पाच जणांना जमावानं ठेचून मारलं. त्यात आपल्या मंगळवेढ्याची माणसं होती हो. त्यांच्याकडंही ‘बाहेरचे’ म्हणूनच बघितलं होतं.

एखाद्या गाडीचा खरंच संशय आला तर नंबर आणि ठिकाण घेऊन 112 ला फोन करा, गाडी अडवू नका. आणि ग्रुप ॲडमिननी तो मेसेज आजच काढून टाकावा.