काट्याच्या दुरुस्ती-बिलाबाबत आपल्या तक्रारीस उत्तर

सप्रेम नमस्कार. लोडसेल (काट्यातील वजन जाणणारा भाग) बदलणे हे थोड्या वेळाचे काम असताना सरकारी पावतीपेक्षा बरीच जास्त रक्कम घेतली, आणि मागच्या पडताळणीच्या शिक्क्याची मुदत शिल्लक असताना पुन्हा शिक्का मारायला लावला, असे आपण लिहिले आहे.

दुसऱ्या मुद्द्याचे उत्तर थोडक्यात देतो. इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी 12 महिन्यांसाठी असते हे खरे. परंतु लोडसेल बदलताना सील तुटते, आणि दुरुस्त केलेला काटा फेरपडताळणी झाल्याशिवाय व्यापारात वापरता येत नाही. शिक्का आम्ही मारत नाही, तो वैधमापनशास्त्र निरीक्षक (वजनमापे तपासणारे सरकारी अधिकारी) मारतात, आणि त्याचे शुल्क आपल्याच नावाच्या पावतीने जमा होते.

उरलेली रक्कम आमची, आणि तिच्यात केवळ मजुरी नाही. आपला काटा 30 किलोचा, 5 ग्रॅमच्या पडताळणी-अंतराचा (ज्या टप्प्यावरून चुकीची मर्यादा ठरते, त्याचा) आहे. पडताळणीच्या वेळी पूर्ण भाराला त्याची चूक 7.5 ग्रॅमच्या आत असावी लागते, आणि ज्या वजनांनी ती तपासायची, त्यांची स्वतःची चूक त्याच्या एक तृतीयांशाहून, म्हणजे 2.5 ग्रॅमहून, अधिक चालत नाही. लोखंडी वजन गंजते, घासते, आदळते. व्यापाऱ्यांच्या अशा वजनांना नियमाने 24 महिन्यांची मुदत आहे; आमची रोज गाडीत चढतात-उतरतात, म्हणून आम्ही ती दर वर्षी तपासून घेतो. शिवाय दुरुस्तीचा परवाना मुदतीत नूतनीकरण करावा लागतो. काम असो वा नसो, हे खर्च चुकत नाहीत, आणि ते लहान-मोठ्या प्रत्येक दुरुस्तीवर थोडे थोडे पडतात.

परवाना नसलेला कारागीर हेच काम कमी पैशांत करील, यात शंका नाही. पण त्याने शून्य जुळवून दिलेला काटा 25 किलोला, किंवा ताटाच्या एका कोपऱ्यावर माल ठेवल्यास, काय दाखवतो हे त्यालाही सांगता येणार नाही.

मात्र शुल्क आणि आमचा आकार बिलात वेगवेगळे दाखवावेत, ही आपली अपेक्षा रास्त आहे. तसे बिल पाठवत आहोत. वजनांची प्रमाणपत्रे सातपूरच्या कार्यशाळेत केव्हाही पाहता येतील. पुढील पडताळणीची मुदत आता नव्या प्रमाणपत्रावरील तारखेपासून मोजावी, जुन्या नव्हे.