ट्रेबल उतरवल्याने व्हायोलिन गोड होत नाही

ऑर्केस्ट्रा असो, भावगीतांचा कार्यक्रम असो की फ्यूजन बँड, मंचावर व्हायोलिन आलं की एक सल्ला हमखास फिरतो. व्हायोलिन मुळातच चिरकं वाद्य आहे, तेव्हा कुठलाही पिकअप (वाद्याची थरथर विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारं छोटं उपकरण) लावा, वायर सरळ मिक्सरला जोडा, ट्रेबल उतरवा, बास चढवा, फीडबॅक (स्पीकरचा आवाज परत वाद्यात शिरून येणारी शिट्टी किंवा घुमारा) आला तर ट्रेबल आणखी उतरवा, वर थोडा रिव्हर्ब, म्हणजे कृत्रिम प्रतिध्वनी, घाला. व्हायोला (व्हायोलिनचं थोडं मोठं, खालच्या स्वराचं भावंड) असेल तर तेच सेटिंग चालेल. वादक हा सल्ला एकमेकांना देतात, साउंडवाले मान डोलावतात आणि घरी सुरेल बोलणारं वाद्य सभागृहात पत्रा घासल्यासारखं ऐकू येतं. हे दरवेळी टाळता येण्यासारखं आहे, म्हणून या सल्ल्याचा एकेक भाग तपासायला हवा.

सगळ्यात मोठं नुकसान होतं ते ‘वायर सरळ मिक्सरला जोडा’ या भागाने. तारा ज्यावर टेकतात त्या ब्रिजच्या खाचेत किंवा ब्रिजच्या पायाखाली बसणारे बहुतेक पिकअप पिएझो जातीचे, म्हणजे दाबातून वीज तयार करणारे, असतात. विजेच्या भाषेत असा पिकअप म्हणजे एक लहानसा कपॅसिटर. तो ज्या इनपुटला जोडला जातो त्याच्या इम्पीडन्सबरोबर (सिग्नलला होणाऱ्या विरोधाबरोबर) मिळून आपोआप एक लो-कट, म्हणजे खालचा आवाज कापणारा, फिल्टर तयार होतो. समजा पिकअपची कपॅसिटी 1 नॅनोफॅरड आहे आणि मिक्सरचा लाइन इनपुट 10 किलोओमचा आहे. हिशेब केला तर या फिल्टरचा कट येतो सुमारे 16,000 हर्ट्झवर! त्याखालचं सगळं, म्हणजे व्हायोलिनचे झाडून सगळे मूळ स्वर, उतारावर गेले. 440 हर्ट्झचा स्वर 4,400 हर्ट्झच्या आवाजापेक्षा जवळपास 20 डेसिबलने मागे पडतो. उरतो तो गजाचा खरखराट आणि वरचे टोकदार हार्मोनिक्स, म्हणजे मूळ स्वरासोबत उमटणारे उपस्वर. मग सगळे म्हणतात, व्हायोलिन चिरकतंय. वाद्य चिरकत नाही, त्याचा खालचा आवाज मिक्सरपर्यंत पोचलेलाच नसतो.

तोच पिकअप 1 मेगाओमच्या इनपुटला जोडला तर कट 159 हर्ट्झवर येतो, 10 मेगाओमला जोडला तर 16 हर्ट्झवर. म्हणजे एक चांगला प्रीअँप (मिक्सरच्या आधी सिग्नल बळकट करणारं उपकरण) किंवा जास्त इम्पीडन्सचा अ‍ॅक्टिव्ह डीआय बॉक्स (वाद्याचा सिग्नल मिक्सरला जुळवून देणारी डबी) मध्ये घातला की निम्म्याहून जास्त तक्रार ईक्यूला (ट्रेबल-बाससारख्या नॉबना) हात न लावता मिटते. इथे साधा पॅसिव्ह डीआय चालत नाही, त्याचा इनपुट पिएझोसाठी फारच कमी पडतो. पिकअपपासून प्रीअँपपर्यंतची वायर आखूड ठेवायची, लांबच लांब वायर टाकायची ती प्रीअँपच्या पुढे. ज्या पिकअपच्या आतच प्रीअँप असतो त्यांना ही अडचण येत नाही, पण आपला पिकअप त्यातला आहे का हे वादकाला माहीत असायलाच हवं.

आता ट्रेबल आणि बास. लहान मिक्सरवरचा ‘हाय’ नॉब साधारण 10 ते 12 किलोहर्ट्झच्या वर काम करतो. कानाला टोचणारा भाग असतो 2 ते 4 किलोहर्ट्झमध्ये, जिथे माणसाचा कान सर्वांत तीक्ष्ण असतो. म्हणजे नॉब उतरवल्यावर वाद्याची झळाळी जाते आणि टोचणं जवळजवळ तसंच राहतं. ते कमी करायचं तर मधला, फ्रिक्वेन्सी सरकवता येणारा मिड बँड हवा. 2 ते 3.5 किलोहर्ट्झच्या दरम्यान कान देऊन जागा शोधायची आणि तिथून रुंद पट्ट्यात 3 ते 5 डेसिबल काढायचे. त्याहून जास्त काढावं लागत असेल तर दोष आधीच्या जोडणीत आहे.

बासचं तर याहून वाईट. ‘लो’ नॉब बहुधा 80 ते 100 हर्ट्झचा असतो. पाश्चात्त्य पद्धतीने लावलेल्या व्हायोलिनची सर्वांत खालची तार 196 हर्ट्झची. नॉब चढवल्यावर मुख्यतः वाढतं काय? मंचाच्या फळ्यांची धडधड, पायाचा ठेका, शेजारच्या तबल्याचा डग्गा आणि ड्रमची किक. व्हायोलिनच्या आवाजाला भरीवपणा देणाऱ्या गोष्टी वर आहेत: पोकळीतल्या हवेचा अनुनाद 270-280 हर्ट्झच्या आसपास आणि लाकडाचे मुख्य अनुनाद साधारण 440 ते 550 हर्ट्झमध्ये. ऊब हवी असेल तर तिथे एखाद-दोन डेसिबल द्यावेत आणि 196च्या बऱ्याच खाली लो-कट लावावा.

हा लो-कट नेमका कुठे, हे मात्र छापील आकड्यांवरून ठरवू नये. आपल्याकडे वाद्य षड्ज-पंचमावर लावतात आणि गायकाच्या पट्टीप्रमाणे उतरवतात. काळी एकचा षड्ज धरून खालची तार त्यावर आणली असेल तर ती 139 हर्ट्झला बोलते. परदेशी व्हिडिओ पाहून 160वर कट ठेवणारा साउंडवाला त्या तारेचा खर्जच कापून टाकतो. वादकाने साउंड चेकच्या आधी आपली पट्टी सांगावी आणि कट 100च्या आसपास ठेवायला लावावा.

आपल्या संगीतात आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते, आणि ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. व्हायोलिनवादक डी. के. दातार, एन. राजम यांनी ज्या गायकी अंगाचा, म्हणजे गळ्यातून गायल्यासारखं वाजवण्याचा, आग्रह धरला त्याचा जीव मींडेत आहे. स्वर सलग सरकत जातो. ईक्यूवर एखादी अरुंद फ्रिक्वेन्सी 6-8 डेसिबलने उचलली असेल तर मींड तिथून जाताना मध्येच फुगते, आणि अरुंद पण खोल खड्डा केला असेल तर मध्येच बुडते. गिटारच्या सुट्या सुरांत हे लपून जातं, व्हायोलिनमध्ये लपत नाही. श्रोत्याला वाटतं वादकाचा गज डगमगला. म्हणून उचलायचं ते रुंद आणि थोडं, अरुंद खड्डा फक्त फीडबॅकसाठी, तोही लागेल तेवढाच.

फीडबॅकबद्दल ‘आला की ट्रेबल उतरवा’ हे तर कानांवर विश्वास न ठेवण्यासारखं आहे. व्हायोलिन ही पोकळ पेटी आहे आणि पिकअप लावला तरी ती पोकळच राहते. स्पीकरच्या आवाजाने तिचे स्वतःचे अनुनाद थरथरतात, म्हणून पुष्कळदा शिट्टी येत नाही, ‘हूऽऽ’ असा घुमारा येतो, साधारण 250 ते 550 हर्ट्झमध्ये. तिथे ट्रेबल काय करणार? प्रीअँपवर फेजचं (सिग्नलची लहर उलटी करणारं) बटण असेल तर आधी ते उलटं करून पाहावं, मग घुमाऱ्याची जागा शोधून अरुंद कट द्यावा. मांडी घालून बसलेल्या वादकासमोर मॉनिटर ठेवला तर तो थेट वाद्याच्या पोटावर आवाज फेकतो. तो बाजूला सरकवणं कुठल्याही नॉबपेक्षा जास्त उपयोगी पडतं. क्लिपचा सुपरकार्डिऑइड (मुख्यतः समोरचा आवाज घेणारा) माइक असेल तर त्याची सर्वांत बहिरी बाजू बरोबर पाठीमागे नसते, साधारण 125 अंशांवर, म्हणजे तिरकी असते. मॉनिटरची जागा त्या हिशेबाने ठरवावी.

‘कुठलाही पिकअप’ हेही खरं नाही. शेजारी ड्रमसेट असेल तर पिकअपला पर्याय नाही. तानपुरा-तबल्याच्या शांत मैफिलीत मात्र क्लिपचा किंवा स्टँडवरचा चांगला माइक लाकडाचा जो आवाज देतो तो पिकअप देत नाही, कारण पिकअपला ब्रिजची थरथर कळते, पेटीतून हवेत पसरणारा आवाज कळत नाही. रिव्हर्बने ही उणीव भरत नाही. घुमणाऱ्या सभागृहात तर तो आणखी चिखल करतो.

राहिला व्हायोला. ‘तेच सेटिंग’ वापरल्याने सर्वांत जास्त अन्याय याच वाद्यावर होतो. व्हायोलाची खालची तार 131 हर्ट्झची, व्हायोलिनच्या खालच्या तारेच्या पाच सूर खाली. त्या मानाने पेटी दीडपट, म्हणजे सुमारे 53 सेंटिमीटर लांब हवी; पण खांद्यावर धरायचं असल्यामुळे ती बहुतेक 38 ते 43 सेंटिमीटरचीच असते. त्यामुळे त्या तारेचा मूळ स्वर मुळातच अशक्त असतो आणि तिचा गडदपणा येतो तो 262 आणि 392 हर्ट्झच्या हार्मोनिक्समधून. गायकांच्या माइकवर ‘गढूळपणा’ काढायला साउंडवाले 250 ते 400 हर्ट्झचा जो पट्टा सवयीने खाली ओढतात तो हाच. शिवाय 1 मेगाओमच्या इनपुटचा 159 हर्ट्झचा कट व्हायोलिनला चालून जातो, व्हायोलाच्या खालच्या तारेला तो वरून कापतो. इथे 10 मेगाओमच्या आसपासचा प्रीअँप खरोखर लागतो. लो-कट 100 हर्ट्झच्या खाली ठेवावा, 250 ते 400च्या पट्ट्याला हात लावू नये आणि साउंड चेकला वादकाकडून सर्वांत आधी खालची तार मोकळी वाजवून घ्यावी, सावकाश, पूर्ण गजाने.