कराडच्या वाचकदादांना उत्तर : हिमालयनला बटण टायर नको, असं मी का म्हणतो

दादा, नमस्कार. तुमची प्रतिक्रिया रागाने लिहिलेली असली तरी मुद्द्याची आहे, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. बाकीच्यांना कळावं म्हणून तुमचं म्हणणं थोडक्यात मांडतो. रॉयल एनफिल्डच्या ४११ सीसी हिमालयन मोटरसायकलला डांबरी रस्त्याचे टायर घाला, असं सांगून मी पोरांची दिशाभूल करतोय. पाटणकडच्या तुमच्या रानातल्या पाणंदीवर असा टायर जुलैत पहिल्याच वळणाला आडवा होईल. बटण टायरच्या, म्हणजे उंच सुट्या ठोकळ्यांच्या टायरच्या, खाचा खोल असतात, त्यामुळे तो पावसातही जास्त धरतो. आणि मागे १२० ऐवजी १४० मिमी रुंदीचा टायर बसवला की गाडी आणखी पक्की होते.

पाणंदीचं तुमचं खरं आहे. मऊ चिखलात बटणं खाली रुतून घट्ट थर शोधतात आणि मधल्या मोकळ्या जागेतून चिखल बाहेर पडतो. डांबराच्या टायरला ते जमत नाही, त्याच्या बारीक खाचा लगेच भरतात आणि टायर गोटा झाल्यासारखा घसरतो. काळ्या मातीत मात्र बटणांच्या फटीही भरतात, मडगार्डखाली माती थापली जाते आणि मग कोणता टायर आहे याला फारसा अर्थ उरत नाही. मुरमाची वाट असेल, तर डांबराचा टायरही बेताच्या वेगात नीट जातो. माझा सल्ला होता तो सातारा-पुणे हायवे, यवतेश्वर, पसरणी, केळघर, कुंभार्ली या रस्त्यांवर गाडी चालवणाऱ्याला. आपल्याकडे या गाड्या घेणारी बहुतेक पोरं तीच आहेत. कासला जातात तेही डांबरावरूनच.

आता खोल खाचा आणि पाऊस. हा गैरसमज फार पसरलाय आणि तो जिवाशी येतो, म्हणून इथे थांबून सांगतो. खाचांनी पाणी बाजूला काढायचं काम महत्त्वाचं ठरतं ते भरपूर वेगात आणि साचलेल्या पाण्यात. मोटरसायकलचा टायर अरुंद आणि गोलसर असतो, घाटातल्या तीस-चाळीसच्या वेगात तो पाण्यावर तरंगत नाही. तिथे पकड ठरते ती दोन गोष्टींवर : डांबराला प्रत्यक्ष किती रबर टेकलंय आणि ते रबर गार पाण्यात किती मऊ राहतं. बटण टायरमध्ये निम्म्याच्या आसपास जागा मोकळी असते, म्हणजे टेकणारं रबर आधीच कमी. त्यात उंच बटणं ब्रेक दाबला की वाकतात, वळणात गाडी कलली की कडेची बटणं मुडपतात. त्यातून हँडलला एक सैलपणा येतो. कोरड्या रस्त्यावर तो सवयीने अंगवळणी पडतो, ओल्यात नाही. चांगल्या डांबरी टायरच्या रबरात सिलिका असते, ती नेमकी गार, ओल्या रस्त्यावरच्या पकडीसाठीच घातलेली असते.

केळघर घाटात झाडांच्या सावलीत डांबरावर शेवाळ धरतं. तिथे उतारावर समोरून एसटी आली आणि तुम्ही पुढचा ब्रेक दाबला, की गाडीचं वजन पुढच्या चाकावर येतं आणि सगळी भिस्त ९० मिमी रुंदीच्या त्या टायरच्या तळहाताहूनही लहान तुकड्यावर राहते. तो तुकडा सलग रबराचा असावा की मोकळ्या जागा सोडून उभ्या केलेल्या बटणांचा? एबीएस चाक जाम होऊ देत नाही, पण नसलेली पकड तेही आणू शकत नाही.

उसाच्या हंगामातला चिखल तुम्ही लिहिला नाहीत, पण कराडकर म्हणून तुम्हाला तो रोज दिसत असणार. ट्रॅक्टर रानातून वर आला की ट्रॉलीच्या चाकांची काळी माती रेठऱ्याकडच्या रस्त्यावर पडते, पहाटे दव पडलं की तिचा पातळ लगदा होतो. तिथे ना तुमचा टायर भरवशाचा, ना माझा. वेग कमी करणं एवढंच हातात असतं.

झिजेचं एकदा हाताने बघा. दोस्ताच्या गाडीचा थोडा चाललेला पुढचा बटण टायर घ्या, त्यावरून तळवा एका दिशेने फिरवा आणि मग उलट फिरवा. एका बाजूने हात सरळ जातो, दुसऱ्या बाजूने प्रत्येक बटणाची धार बोटांना अडकते. डांबरावर ब्रेक मारून मारून बटणं एका अंगाने झिजतात, करवतीसारखी. त्यानंतर हायवेला गाडी गुणगुणायला लागते आणि हँडल हलकं थरथरतं. पोरं बेअरिंग बदलत बसतात आणि दोष टायरचा असतो. मागचा टायर खंबाटकीपलीकडच्या सरळ रस्त्यावर मधोमध चपटा होतो, मग वळणात गाडी त्या कडेवर येऊन एकदम पडल्यासारखी वाटते. खाचेतली टीडब्ल्यूआयची पट्टी (टायर संपल्याची खूण), दुचाकीला साधारण ०.८ मिमीची, दिसायच्या कितीतरी आधी हे सगळं सुरू होतं.

१४० बद्दल मात्र स्पष्ट नाही म्हणतो. नव्या ४५० हिमालयनला कंपनीच १४०/८०-१७ देते हा तुमचा दाखला बरोबर आहे, पण तिची रिम आणि मागचा फोर्क त्या मापाला धरून बनवलेत. ४११ चं माप पुढे ९०/९०-२१, मागे १२०/९०-१७ (रुंदी मिमीत, उंची रुंदीच्या टक्क्यांत, रिम इंचात). मागच्या टायरच्या भिंतीची उंची १२० च्या ९० टक्के, म्हणजे १०८ मिमी. १४०/८० ची ११२. उंचीत फरक थोडाच, खरी अडचण रुंदीची. अरुंद रिमवर रुंद टायर चढवला की त्याच्या भिंती आत ओढल्या जातात आणि माथा जास्त गोल होतो. टायर दिसतो भरदार, पण सरळ चालताना टेकतो कमीच. गाडी वळायला जड होते आणि चेनच्या बाजूची मोकळी जागाही कमी होते. माप सोडू नका, आणि मापाच्या पुढे लिहिलेला आकडाही बघा : ६४ म्हणजे २८० किलो, ५४ म्हणजे २१२ किलो एवढा भार तो टायर पेलतो. वहिनींना मागे बसवून, बॅगा लावून फिरणाऱ्याने कंपनीने दिलेल्या आकड्याच्या खाली जाऊ नये.

दुकानात गेल्यावर वाकून टायरच्या भिंतीवरचे चार अंक शोधा. २३२४ असेल तर २०२४ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. २१ इंची टायरला गिऱ्हाईक कमी, म्हणून तो दुकानात पडून राहायची शक्यता जास्त. नक्षी कोरी असली तरी रबर जुनं होऊन कडक झालेलं असतं. असा टायर स्वस्तात दिला तरी घेऊ नका.

तुमच्या स्वतःच्या गाडीपुरतं म्हणाल, तर रोज पाणंद तुडवायची असेल आणि गाडी हायवेला क्वचित जात असेल, तर तुमचे बटण टायर काढू नका. रोज दोन्ही असेल, तर मधल्या जातीचे घ्या : मधली पट्टी सलग किंवा जवळजवळ सलग रबराची आणि कडेला मोठे ठोकळे असलेले. पण पुढचा-मागचा एकाच जातीचा ठेवा.

आणि टायर बदलताना ट्यूबही नवी घाला. जुनी ट्यूब ताणून मोठी झालेली असते, नव्या टायरमध्ये तिची घडी पडते आणि घडीवरच ती कापते. बॅगेत एक २१ ची ट्यूब ठेवा. अडचणीला ती मागच्या १७ च्या चाकातही घालून गावापर्यंत येता येतं. उलट, १७ ची पुढच्या चाकाला पुरत नाही.