बोक्याने डूख धरलेला नाही: एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया काल रात्रीच वाचली. उत्तराला उशीर झाला, कारण आधी माझाच लेख पुन्हा काढून वाचावा लागला, आणि तो वाचताना फार बरं वाटलं नाही.

इतर वाचकांसाठी मामला थोडक्यात सांगते. दत्तक आणलेली आमची मांजर चिंगी पहिले तीन दिवस लिटरच्या ट्रेमध्येच (लिटर म्हणजे मांजराच्या शी-शूसाठी ट्रेत भरायचे मातीसारखे कण) मुक्काम ठोकून होती, मग दोनदा पलंगावर शू करून मोकळी झाली आणि पुढे आपसूक मार्गाला लागली, असं मी लिहिलं होतं. शेवटी सल्ला दिला होता, "घाबरू नका, दोन आठवडे जाऊ द्या." तुम्ही त्याच सुमारास एक बोका घरी आणलात. तो सारखा ट्रेत जाऊन बसत होता. तुम्हाला माझा लेख आठवला आणि तुम्ही थांबलात. दुसऱ्या रात्री तो ओरडू लागला तेव्हा डॉक्टरांकडे धावलात. लघवी अडली होती, नळी घालावी लागली. वाचला. आता घरी आलाय आणि रोज तुमच्या गादीवर, तुमच्याकडे बघत बघत शू करतोय. तुमचं म्हणणं असं की माझा लेख धोकादायक आहे. बोका दवाखान्यात नेल्याचा डूख धरून आहे. "समजून घ्या, समजून घ्या" म्हणणाऱ्यांनीच मांजरं डोक्यावर बसवलीत, म्हणून तुम्ही त्याचं नाक ओल्या चादरीवर घासलंत. आणि झाकणाचा ट्रे, सुगंधी लिटर, सगळं उत्तमातलं आणूनही याला अजून काय पाहिजे, कळत नाही.

पहिला मुद्दा पूर्ण मान्य. "मी काही डॉक्टर नाही" असं म्हणून हात झटकणार नाही. सल्ला देताना ते आठवलं नव्हतं, तर आता आठवण्यात अर्थ नाही. ते वाक्य मूळ लेखातून काढलंय आणि वर ठळक अक्षरांत दुरुस्ती टाकली आहे. पण नुसती माफी मागून तुमच्यासारखं दुसरं कोणी वाचणार नाही, म्हणून जे तेव्हा लिहायला हवं होतं ते इथे लिहिते.

चिंगी ट्रेत बसायची म्हणजे अंगाचं मुटकुळं करून पडून राहायची. नव्या घरात तिच्या स्वतःच्या वासाची जागा तेवढी एकच होती. मांजर माणसाला नाही, घराला धरून असतं असं आपण म्हणतो. दत्तक आलेल्या मांजराचं नेमकं घरच सुटलेलं असतं. अशा वेळी खोक्यात, कपाटामागे, नाहीतर ट्रेत दडून बसणं अगदी समजण्यासारखं आहे. नेदरलँड्समधल्या एका निवाऱ्यात नव्याने आलेल्या मांजरांपैकी काहींना लपायला खोकी दिली आणि काहींना दिली नाहीत. २०१४ साली त्याचे निष्कर्ष छापून आले. खोकी मिळालेली मांजरं लवकर सावरली होती. आम्हीही पुठ्ठ्याचं खोकं आडवं करून ठेवल्यावर चिंगीने त्याच दिवशी ट्रे सोडला.

तुमचा बोका मात्र ट्रेत जात होता, दबा धरून बसत होता, बाहेर येत होता, पुन्हा जात होता. लांबून दोघांचं दिसणं सारखं, पण फरक लिटरमध्ये होता. चिंगीच्या ट्रेत ओल्या लिटरचे गोळे सापडायचे. तुमचा ट्रे कोरडा होता, असं तुम्हीच लिहिलंय. मी एवढी एकच गोष्ट लिहिली असती की "मांजराकडे नंतर बघा, आधी ट्रेत बघा", तर तुमचे ते दोन दिवस वाचले असते. निरोगी मोठं मांजर दिवसातून साधारण दोन ते चार वेळा लघवी करतं. नवखं, भेदरलेलं मांजर पहिला दिवस दाबून धरू शकतं, आणि गोंधळ तिथेच होतो. पण भेदरलेलं मांजर लपून बसतं. ते ट्रेच्या वाऱ्या करत नाही आणि कुंथत नाही. पुन्हा पुन्हा जाणं, जोर करणं, दोन-चार थेंब किंवा तेही नाहीत, खालचा भाग सतत चाटणं: यातलं काही बोक्यात दिसलं तर सकाळची वाट न बघता त्याच घटकेला डॉक्टरांकडे न्यायचं. बरेच जण याला बद्धकोष्ठ समजतात आणि घरगुती उपाय करत बसतात, कारण कुंथणं दोन्हीत सारखंच दिसतं.

बोक्यांनाच हे जास्त का होतं? त्यांची मूत्रनलिका लांब आणि टोकाकडे फार अरुंद असते. चिकट स्राव आणि स्फटिक मिळून तिथे बूच बसतं. मूत्राशय भरत जातं, मूत्रपिंडांचं काम थांबतं, रक्तात पोटॅशियम वाढतं आणि हृदयाचे ठोके चुकायला लागतात. उपचार मिळाले नाहीत तर दोन-तीन दिवसांत खेळ संपतो. मांजरींमध्ये असं अडणं क्वचितच.

इथपर्यंत तुमचं बरोबर. डुखाचं मात्र पटलं नाही.

सूड घ्यायचा तर आधी असा हिशेब मांडावा लागेल: याने मला पेटीत कोंबलं, दवाखान्यात नेलं, तिथे दुखलं, याला गादी ओली झालेली आवडत नाही, सबब गादी ओली करू. एवढं गणित मांडणारं मांजर असतं तर त्याने आधी दार उघडायला शिकून घेतलं असतं. बोक्याचा हिशेब याहून फार छोटा आहे: त्या ट्रेत पाय ठेवला की दुखतं. नळीत बूच बसलं हे त्याला कुठून कळणार? त्याला जागा कळते, पायाखालचा स्पर्श कळतो, वास कळतो. ज्या जागी इतकं दुखलं ती टाळायची आणि दुसरी शोधायची. गादी मऊ आहे, ओल लगेच शोषून घेते, उंचावर असल्याने चारही बाजूंनी कोण येतंय ते दिसतं, आणि तिला तुमचा वास आहे, म्हणजे या नव्या घरातला त्यातल्या त्यात ओळखीचा वास. सूड कसला, त्याने घरातली सगळ्यात सुरक्षित जागा निवडली आहे. हे ऐकून चादर धुण्याचा त्रास कमी होत नाही, मान्य.

आणि "माझ्याकडे बघत बघत"? शू करताना मांजराला पटकन पळता येत नाही, म्हणून ते आजूबाजूला नजर ठेवतं. त्यात तुम्ही त्याचं नाक घासलंत. आता त्याने तुमच्यावर नजर ठेवायची नाही तर कोणावर ठेवायची? तुम्हाला त्या बघण्यात उद्धटपणा दिसतो. मला वाटतं, तो तुमच्या हाताकडे बघतोय.

नाक घासण्याबद्दल एवढंच: त्याने घाण आणि शिक्षा यांची सांगड बसत नाही, तुम्ही आणि शिक्षा यांची बसते. मग मांजर तुमच्यासमोर शू करायचं थांबवतं आणि सोफ्यामागे सुरू करतं. नाक घासणं थांबलंच पाहिजे.

आता ज्यासाठी हे उत्तर एवढं लांबवलं ती गोष्ट. "हा आजार आहे की हा स्वभाव आहे?" या प्रश्नात आपण दोघंही अडकलो. मी सगळं स्वभावावर ढकललं आणि थांबायला सांगितलं. तुम्ही दवाखान्यातून आल्यावर "आजार संपला, आता उरला तो माज" असं धरून चाललात. मांजराच्या बाबतीत हे दोन कप्पे वेगळे करताच येत नाहीत. तरुण आणि मध्यम वयाच्या मांजरांमध्ये मूत्रमार्गाच्या तक्रारी घेऊन येणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिकांना ना जंतुसंसर्ग असतो ना खडा. मूत्राशयाला सूज असते, पण तपासणीत तिचं कारण सापडत नाही, आणि ताण आला की ती उफाळते. घर बदलणं हा मांजराच्या आयुष्यातला मोठ्यातला मोठा ताण.

ओहायो स्टेट विद्यापीठात जुडी स्टेला, लिंडा लॉर्ड आणि टोनी बफिंग्टन यांनी ७७ आठवडे ३२ मांजरांच्या रोजच्या नोंदी ठेवल्या. २० मांजरांना ही मूत्राशयाची व्याधी होती, १२ धडधाकट होती. देखभाल करणारं माणूस बदललं, खाण्याची वेळ चुकली, असा काही रोजच्यापेक्षा वेगळा प्रकार घडला की ओकणं, न खाणं, ट्रेबाहेर करणं वाढायचं. हे २०११ साली प्रसिद्ध झालं. त्यातली मला थक्क करणारी गोष्ट अशी की हे दोन्ही गटांत घडलं, म्हणजे धडधाकट मांजरंही नुसतं वेळापत्रक विस्कटलं म्हणून आजाऱ्यासारखी वागू लागली. तुमच्या बोक्याने काही दिवसांत घर बदललं, माणसं बदलली, दवाखाना पाहिला, नळी सोसली, आणि परत आल्यावर चादरीत नाक घासून घेतलं.

म्हणून आधी पुन्हा तपासणी. एकदा अडलेली लघवी पुन्हा अडते, आणि तशी उदाहरणं कमी नाहीत. गादीवर मोठं थारोळं असेल तर निदान वाट मोकळी आहे. ठिपके असतील, गुलाबी छटा असेल, तर हा परिच्छेद अर्धा सोडून फोन उचला. डॉक्टरांना ओल्या चादरीचा फोटो दाखवायला लाजू नका. त्यांनी याहून वाईट पाहिलेलं असतं. पाणी जास्तीत जास्त पोटात जावं म्हणून कोरड्या दाण्यांऐवजी ओलं खाणं चालेल का, तेही विचारा.

मग ट्रे. तुमचा "उत्तमातला" ट्रे माणसाच्या नजरेने उत्तम आहे. झाकणाने आपल्याला घाण दिसत नाही, सुगंधाने आपल्याला वास येत नाही. मांजराचं नाक आपल्यापेक्षा कितीतरी तिखट; त्याच्यासाठी ती अत्तराची कुपी उपडी केलेली बंद खोली आहे. सुगंधी लिटर टाकून द्या. झाकणाबद्दल मात्र मी पूर्वी फार ठामपणे "नकोच" लिहायचे, ते आता मागे घेते. २०१३ च्या एका छोट्या प्रयोगात २७ मांजरांपुढे झाकणाचा आणि बिनझाकणाचा असे दोन्ही ट्रे ठेवले. बहुतेकांना काही फरक पडला नाही. काहींना झाकण आवडलं, तेवढ्याच काहींना उघडा. पण ज्याला याच ट्रेत दुखलं आहे त्याच्यासाठी हाच ट्रे, झाकण काढून, पुन्हा पुढे करण्यात अर्थ नाही.

दुसरा ट्रे आणा: आकार वेगळा, जागा वेगळी, आतलं लिटरही वेगळं. लांबी नाकापासून शेपटीच्या बुडापर्यंतच्या मांजराच्या दीडपट. दुकानातले बहुतेक ट्रे त्याहून लहान असतात, म्हणून कपडे ठेवायचा बसका प्लास्टिकचा डबा एका बाजूने कापलात तरी चालेल. त्यात बारीक कणांचं, गोळे होणारं, बिनवासाचं लिटर चार-पाच सेंटिमीटर. तो आधीच्या आयुष्यात बाहेर राहिलेला असेल तर वरून थोडी कोरडी माती भुरभुरा. दुकानातलं लिटर ही तशी अलीकडची वस्तू, १९४७ साली अमेरिकेत एडवर्ड लो यांनी चिकणमातीचे भाजलेले कण विकायला काढले तेव्हापासूनची. मांजर त्याआधी हजारो वर्षं सुटी माती, वाळू, राख उकरत आलंय. त्याला ट्रे ओळखता येत नाही. पंजाखाली सरकणारं काहीतरी ओळखता येतं.

हा दुसरा ट्रे सुरुवातीला झोपायच्या खोलीतच ठेवा, पलंगाला लागून. किळस वाटेल, पण आठवडाभर. तो वापरू लागला की रोज वीतभर सरकवत हव्या त्या जागी न्या. जुना ट्रेही राहू द्या. एका मांजराला दोन ट्रे हे लाड नव्हेत, तो साधा हिशेब आहे: जितकी मांजरं त्याहून एक जास्त.

गादीसाठी एन्झाइमवालं क्लीनर घ्या. लघवीतलं यूरिक आम्ल पाण्यात सहज विरघळत नाही, म्हणून साबणाने आपल्यापुरता वास जातो, मांजरापुरता राहतो आणि दमट हवेत पुन्हा वर येतो. ब्लीच अजिबात वापरू नका. लघवीतल्या अमोनियाशी त्याचा संयोग झाला की विषारी वाफ निघते.

बोका उभा राहून, शेपूट थरथरवत भिंतीवर फवारा मारत असता तर गोष्ट वेगळी होती, मग आधी नसबंदी झाली आहे का ते विचारलं असतं. तुमचा बसून, आडव्या जागी करतोय. तेव्हा ते इथे लागू नाही.

तुमच्या प्रतिक्रियेच्या शेवटी एक वाक्य होतं, कंसात, जवळपास तक्रारीसारखं: "ट्रेत शी केलीच तर झाकत नाही, बाजूची भिंत खरवडत बसतो." ट्रे अपुरा असला किंवा लिटर आवडलं नसलं की असं करतात, नवा ट्रे आल्यावर कदाचित थांबेल. कदाचित नाही. चिंगीला येऊन दीड वर्ष झालं, ट्रे तिच्या मापाचा आहे, लिटर तिच्या पसंतीचं आहे, आणि आत्ता हे लिहीत असताना ती पलीकडे वॉशिंग मशीनचा पत्रा खरवडते आहे. शी उघडीच आहे. मी उठते.

बोक्याची तपासणी झाली की कळवा.