चिंचेच्या कोळातल्या चौदा शिवराया

१९९८ च्या दिवाळीत मी चौदा शिवराया, म्हणजे शिवकाळापासूनची तांब्याची नाणी, रात्रभर चिंचेच्या कोळात भिजत घातल्या आणि सकाळी नारळाच्या शेंडीने, राख लावून घासून काढल्या. सुपात वाळत घातल्या तेव्हा नव्या कळशीसारख्या गुलाबी दिसत होत्या. घरच्यांना बोलावून दाखवल्या. कौतुकही झालं.

आज हे आठवायचं कारण, परवा बेळगावच्या गणपत गल्लीत भेटलेली मैत्रीण. म्हणाली, "आमच्या आजेसासूबाईंच्या पेटीत काळी पडलेली नाणी निघालीत गे, कशानं घासू?" मी भर रस्त्यात तिचा दंडच धरला. बिचारी दचकली. तेव्हा ही पोस्ट तिच्यासाठी, आणि थोडी माझ्यासाठी.

त्या शिवराया माझ्या माहेरच्या, खानापूर तालुक्यातल्या जुन्या घरातल्या. स्वयंपाकघराच्या भिंतीत कोनाडा होता, त्यात तोंडाला फडकं बांधलेलं एक गाडगं. लहानपणी हात घातला की आजी ओरडायची, "ठेव गे ते, खेळायचं न्हवं!" ती गेल्यावर काकांनी "तुला आवड हाय, तूच ने" म्हणून गाडगं माझ्या हवाली केलं. आत चौदा शिवराया, हत्तीची छाप असलेला टिपूचा एक पैसा आणि १८३५ चा कंपनी सरकारचा पाव आणा. सगळ्यांचा रंग जुन्या खजुरासारखा.

शिवराईवर एका बाजूला 'श्री राजा शिव' आणि दुसरीकडे 'छत्रपति' असतं, हे बहुतेकांना माहीत आहे. १६७४ च्या राज्याभिषेकापासून ही नाणी पडू लागली. पुढे पेशवाईत ठिकठिकाणी तोच मजकूर ठेवून पाडली गेली आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत बाजारात चालत राहिली. ठसा मोठा आणि तांब्याची चकती लहान, त्यामुळे सगळी अक्षरं एका नाण्यावर क्वचितच मावतात. एकावर 'श्री'चं नुसतं शेपूट, दुसऱ्यावर कडेच्या ठिपक्यांपैकी चारच. एकाचा 'श्री' दुसऱ्याच्या 'श्री'सारखा नसतो. अभ्यास करणारे हेच फरक मांडत बसतात, कुठल्या वळणाची शिवराई कधीची आणि कुठली असेल ते जुळवतात.

आता चिंचेने काय केलं ते सांगते. जुन्या तांब्यावरचा तपकिरी थर म्हणजे मळ नसतो. तांब्याच्या वरच्या अंगाचं शंभर-दोनशे वर्षांत जे होतं, ते ते असतं. अक्षरं झिजलेली असली तरी उंचवट्यावर एक छटा आणि खोलगट भागात गडद छटा, म्हणून तिरप्या उजेडात वाचता येतात. चिंचेतलं आम्ल तो थर खातं, राख उरलेल्या कडा गोल करते. माझ्या चौदातल्या पाच शिवरायांवर आधी 'छत्र' नीट लागत होतं. धुतल्यानंतर दोनच वाचता आल्या. बाकीच्या नुसत्या गुलाबी टिकल्या.

हे मला कळलं सहा वर्षांनी, कोल्हापुरात नाण्यांचं प्रदर्शन भरलं होतं तिथे. एका वयस्कर विक्रेत्याने शिवराया तळहातावर घेतल्या, भिंग डोळ्याला लावलं, एकेक उलटून पाहिली आणि परत देत एवढंच म्हणाला, "ताई, नाणी चांगली होती." त्या 'होती'वर मी बेळगावच्या गाडीत बसेपर्यंत अडखळत होते.

पण खरं सांगू? धुण्यापेक्षा मोठी चूक मी त्याच्या आधीच केली होती आणि ती माझ्या लक्षात यायला आणखी काही वर्षं गेली. गाडगं घरी आणल्यावर हौसेने तीन शिवराया मामेभावांना वाटल्या. त्या जागी बाजारातून तीन विकत घेऊन चौदा पुऱ्या केल्या, आणि मग सगळ्या एकत्र धुतल्या. टिपूचा पैसा वेगळ्या डबीत गेला, पाव आणा आणखी कुठे. आज त्या चौदातल्या कोणत्या अकरा आमच्या, हे मलाच सांगता येत नाही. एका घरात एकाच वेळी शिवराई, टिपूचा पैसा आणि कंपनीचा पाव आणा एकमेकांना घासत पडले होते, म्हणजे त्या काळी आमच्या गावच्या बाजारात काय काय चालत होतं याचा तो दाखला होता. कर्नाटक की महाराष्ट्र हा प्रश्न त्या गाडग्याला पडला नव्हता. मी एक साधी चिठ्ठी लिहून आत टाकली असती तरी पुरलं असतं. मी पतसंस्थेत कॅशियर होते हो! दिवसभर लोकांच्या नोटांचे नंबर टिपत होते.

विकत घेताना फसले तेही सांगून टाकते. २००७ साल. एक जण घरी आला, ओळखीतल्या कुणाचं तरी नाव सांगत. बैठकीत महाराजांची तसबीर आहे. ती त्याने पाहिली, खाली बसला आणि खिशातून कागदाची पुडी काढली. आत 'होन'. "अक्का, घरचंच हाय, अडचण हाय म्हणून काढालोय." मी भिशीचे अठरा हजार त्याच्या हातावर ठेवले. शिवाजी महाराजांचा सोन्याचा होन अतिशय दुर्मीळ, हे मला माहीत होतं. माहीत असूनही वाटलं, का नाही, आपल्याच नशिबी का नाही! नंतर सराफाच्या काट्यावर ठेवला तर साडेतीन ग्रॅमच्या आसपास. अस्सल होन पावणेतीन ग्रॅमच्या घरात भरतो. कडेला बारीक शिवण दिसत होती, म्हणजे साच्यात ओतलेला. ठशाने पाडलेल्या नाण्याला अशी शिवण नसते. वर सोन्याचा मुलामा.

नवरा म्हणाला, "आता उगी कशाला रडालीस? म्हाराजांच्या नावानं दान केलं म्हण." बोलला तो चेष्टेत, पण दुखणं नेमकं तिथेच आहे. आपल्या सीमाभागात महाराजांचं नाव घेतलं की आपला हात आपोआप पाकिटाकडे जातो आणि विकणाऱ्यांना हे आपल्याहून चांगलं कळतं. शंका घेणं म्हणजे भक्ती कमी पडणं असं आतून वाटतं. मला वाटलं होतं. वजनकाटा आणि भिंग कपाटात होतं, उठून आणायची लाज वाटली. आता वाटत नाही. समोरचा रागावला तर रागावू दे, आधी काटा.

प्लास्टिकच्या अल्बमचं थोडक्यात. मऊ, वासाचं, स्वस्त प्लास्टिक म्हणजे पीव्हीसी. आमच्याकडचा जून-जुलैचा पाऊस आणि ते प्लास्टिक यांनी मिळून माझ्या १९४३ ते ४७ च्या भोकाच्या पैशांवर हिरवट चिकट साय धरली. फेकून द्या तसले अल्बम. नाणं सुकं आणि एकेकटं ठेवा, कडेला धरून उचला, झालं.

मात्र सगळ्यात जास्त जळते ती २०११ ची गोष्ट. त्या एप्रिलमध्ये चांदी किलोला सत्तर हजारांवर गेली होती, आठवतंय? घरात नणंदेच्या मुलीचं लग्न. आमच्या सासूबाईंकडे, मी त्यांना आत्या म्हणायचे, राणीछाप आणि राजाछाप मिळून बावीस रुपये होते. शहापुरातल्या घरात आल्यापासून मी ते दर लक्ष्मीपूजनाला पाहत आले होते. ठरलं की मोडून पैंजण आणि जोडवी करायची. सराफाकडे मीच घेऊन गेले, कारण हिशेब मला कळतो. जुना रुपया ११.६६ ग्रॅमचा, त्यात जवळजवळ ९२ टक्के चांदी, झीज धरून किती, घट किती, सगळं काटेकोर बोलले. ती चिठ्ठी अजून माझ्याकडे आहे. 'नग २२, वजन २५२ ग्रॅम.' साल एकाही नाण्याचं नाही.

घरी आल्यावर आत्या सहज म्हणाल्या, "त्यात तो डुकराचा रुपया पण होता न्हवं? मामंजी दाखवायचे."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. १९११ मध्ये पाचव्या जॉर्जचा पहिला रुपया निघाला. राजाच्या झग्यावर हत्तीचं चिन्ह होतं, पण सोंड इतकी आखूड कोरली गेली की लोकांना ते डुक्कर वाटलं. मुसलमान समाजात असंतोष पसरला, नाणी परत घेऊन बहुतेक वितळवली आणि १९१२ पासून हत्ती नीट काढला. म्हणून १९११ चा रुपया आज शोधावा लागतो. आत्यांच्या पुंजीत तो खरंच होता की मामंजींनी कधी दुसऱ्या कुणाचा दाखवला होता, हे आता मुशीला ठाऊक. मी सराफाच्या दुकानात वीस मिनिटं बसले होते. बावीस नाण्यांची सालं वाचायला दोन मिनिटं लागली असती.

अधूनमधून विचारणा होते, "कमळाचा वीस पैसा आहे, दहा लाख मिळतील का?" किंवा राम-सीतेची छाप असलेलं १८१८ चं कंपनीचं नाणं. कंपनीने असं नाणं कधी काढलंच नाही, ते हौशी टोकन आहे. आमच्याच गल्लीतल्या एका पोराने फोनवरच्या 'खरेदीदारा'ला आधी नोंदणी फी, मग जीएसटी असे सात हजार भरले. रिझर्व्ह बँकेने २०२१ च्या ऑगस्टमध्ये जाहीर सांगितलंय की जुन्या नाण्यानोटांच्या व्यवहारात बँक पडत नाही, कुणाकडून फी किंवा कमिशन घेत नाही आणि तसा अधिकार कुणालाही दिलेला नाही. विकत घेणारा माणूस तुमच्याकडेच आधी पैसे मागतो, हे कुठल्या बाजारात बसतं? तांदळाचे दाणे चुंबकासारखे ओढतं अशी थाप मारून विकल्या जाणाऱ्या नाण्याबद्दल तर बोलतच नाही, त्यापायी शिकलेली माणसं जमिनी विकून बसलीत.

एका गोष्टीत मात्र जाणकारांशी माझं पटत नाही. त्या बावीसांव्यतिरिक्त आत्यांनी मागे ठेवलेले पाच रुपये देव्हाऱ्यात आहेत. ते दर दिवाळीला धुतले जातात, घासले जातात, त्यांना हळदकुंकू लागतं. राणीचं नाक केव्हाच गेलंय. मुलगा म्हणतो, "आई, तूच सगळ्यांना सांगतेस धुवू नका, आणि हे?" ते पूजेचे रुपये आहेत बाळा, त्यांचं आयुष्यच धुण्यात गेलंय. संग्रहाचा नियम त्यांना लावायला मी तयार नाही. मला जाच होतो तो गाडग्यातल्यांचा. शंभर वर्षं त्यांना कुणी हात लावला नव्हता आणि मी लावला.

आणि मामेभावांनो, तुमच्यातले दोघं इथे आहात हे मला दिसतंय. त्या तीन शिवराया न धुतलेल्या होत्या. एकीला भोक पाडून किल्ल्यांना लावलीय असं ऐकलं, असू दे, रागावणार नाही. परत नकोत मला. फक्त खिडकीशी तिरप्या उजेडात दोन्ही बाजूंचा फोटो काढा, स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करा आणि पाठवा. पुसूसुद्धा नका.