सह्याद्रीत ८×४२ च का? एका खरमरीत प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया वाचली. चार ओळींत उत्तर देऊन भागणार नाही, म्हणून इथे जरा ऐसपैस लिहितो. ज्यांच्या नजरेतून ती सुटली असेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ‘सह्याद्रीसाठी पहिली दुर्बीण घेताय तर ८×४२ घ्या’ (म्हणजे आठ पट मोठं दाखवणारी, समोरचं भिंग ४२ मिलिमीटरचं) हा माझा सल्ला तुम्हाला पुस्तकी आणि भित्रा वाटला. डोंगरात दुर्बीण कशी वापरायची ते शिकाऱ्यांना विचारावं, आल्प्सपासून रॉकी पर्वतापर्यंत सगळे १०×४२ गळ्यात घालतात आणि १५×५६ ट्रायपॉडवर लावतात, मी मात्र लोकांच्या गळ्यात कमी ताकदीची वस्तू मारतोय, असं तुम्ही म्हणता. दुसरा आक्षेप असा की शिकारीला बंदी असलेल्या देशात बसून शिकारीच्या दुर्बिणींची तुलना करणं हे ढोंग आहे. आणि तिसरा, पंधरा-वीस हजारांची चैन कशाला, स्टेशनबाहेर दीड हजारात ३०×६० मिळतेच की.

मधल्या आक्षेपाचं आधी उरकतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडे शिकार बंद केली आणि ती बंदच राहावी, याबद्दल माझ्या मनात किंतु नाही. पण डोंगरउतारावरचं जनावर त्याला चाहूल न लागता कसं शोधायचं, यावर शिकाऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या डोकं चालवलंय. ते ज्ञान त्यांचं म्हणून टाकून द्यायचं का? आपल्याच मुंबईत १८८३ साली सुरू झालेल्या बीएनएचएसच्या (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या) सुरुवातीच्या सभासदांत बंदूकवाले काही कमी नव्हते. पक्षीतज्ज्ञ सालिम अलींची त्या संस्थेशी गाठ पडली तीही लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने पाडलेल्या एका चिमणीमुळे. शिवाय स्वारोवस्की, झाइस, लायका यांच्या गिऱ्हाइकांत युरोपातला शिकारी पूर्वीपासून आहे. तो पहाटेच्या आणि तिन्हीसांजेच्या उजेडात दुर्बीण पारखतो, म्हणून त्या कंपन्या अंधुक उजेडासाठी एवढा जीव टाकतात. आपल्याला त्याची बंदूक नको, पण त्याने पारखलेली काच घ्यायला काय हरकत आहे?

आता मुख्य भांडण, ८ की १०.

चारशे मीटरवरच्या कड्यावर गिधाड बसलंय असं समजा. ८ पटीच्या दुर्बिणीतून ते पन्नास मीटरवर असल्यासारखं दिसेल, १० पटीच्या दुर्बिणीतून चाळीस मीटरवर. फरक काय तो एवढाच. कागदावर ८ आणि १० यांत जेवढं अंतर वाटतं, तेवढं डोळ्याला जाणवत नाही. बरं, ते दहा मीटर फुकट मिळत नाहीत.

पहिली किंमत हाताच्या कंपाची. दुर्बीण गिधाडाला जेवढं मोठं करते तेवढाच तुमचा कंपही मोठा करते. तासभर चढून कड्याच्या टोकाला पोचल्यावर छातीचा भाता चालू असतो, पाठीवर सॅक असते, वारा शर्ट फडफडवत असतो. अशा वेळी उभ्याने १० पटीतून बघा. गिधाड दिसेल, पण मानेवर पिसं आहेत की ती बोडकी आहे हे ठरवायला जी दोन सेकंदांची स्थिर नजर लागते ती मिळणार नाही. ८ मधून ती बहुतेकांना मिळते. दंडात ताकद आणि श्वासावर ताबा असलेल्यांना १० ही जमतं, पण मी लिहीत होतो पहिली दुर्बीण घेणाऱ्यांसाठी.

दुसरी किंमत दृश्याच्या रुंदीची. साधारण ८×४२ मधून हजार मीटरवर एकशे तीस-चाळीस मीटर रुंदीचा पट्टा दिसतो, १०×४२ मधून तोच एकशे दहाच्या आसपास. कोकणकड्यासारख्या अवाढव्य भिंतीसमोर बसून ‘त्या ओल्या काळ्या पट्ट्याच्या डावीकडे, दोन झुडपांच्या वर’ अशी खूण मित्राने सांगितली की ती जागा दुर्बिणीत सापडायला हवी ना! आणि आपण काही सारखे कड्यावर बसून नसतो. कर्नाळ्याच्या झाडीत, नाहीतर बोरिवलीच्या नॅशनल पार्कात पंधरा मीटरवरचा पक्षी या फांदीवरून त्या फांदीवर उडत असतो. तिथे पट्टा जेमतेम दोन मीटरांचा उरतो, १० मध्ये त्याहून कमी. त्यातच १० पटीला फोकसची खोली बरीच कमी, चाक सारखं फिरवत बसावं लागतं. तुम्ही चाक फिरवेपर्यंत पक्षी गेलेला असतो.

तिसरी गोष्ट उजेडाची. ४२ ला ८ ने भागा, येतात सव्वापाच. दुर्बिणीतून डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशाच्या झोताचा हा मिलिमीटरमधला व्यास. १०×४२ चा झोत ४.२ मिलिमीटरचा. भर दुपारी डोळ्याची बाहुली दोन-तीन मिलिमीटरच उघडी असते, तेव्हा दोन्ही दुर्बिणी सारख्याच. पहाटे ती पाचाच्या पुढे जाते, तेव्हा ८×४२ मधून दीडपट उजेड आत येतो. (पन्नाशीनंतर बाहुली तेवढी उघडत नाही. त्यामुळे माझ्या वयाच्या वाचकांनी या मुद्द्यावर फार हुरळून जाऊ नये.) शिकारी यावर म्हणतील की तिन्हीसांजेला जास्त पटीचाही फायदा होतो, बारकावे कळतात. खरंय. पण जर्मनीत मचाणावरून रानडुकरं टिपणारेही ८×५६ वापरतात, म्हणजे पट तीच आणि भिंग मोठं. ती एक किलोच्या पुढची वस्तू मचाणावर ठीक आहे. आपण ती गळ्यात घालून पहिल्या कसारा लोकलमध्ये चढणार का?

आणि चौथी गोष्ट, जी परदेशी तुलनांत सापडत नाही: आपली हवा. पाऊस उघडल्यावर सप्टेंबर-ऑक्टोबरात हवा धुतल्यासारखी असते, तेव्हा १० काय, १२ पटही मजा देते. जानेवारीत मात्र मुंबई-ठाण्यापासून घाटाच्या पायथ्यापर्यंत धुरकट थर साचलेला असतो. मार्चनंतर दहा वाजले की काळा कातळ तापतो आणि त्यावरची हवा थरथरायला लागते. दुर्बीण त्या थरथरीलाही मोठं करते. जास्त पट म्हणजे जास्त गढूळ दृश्य, मग काच लाखाची का असेना.

आता तुमचे रॉकी पर्वतातले शिकारी. त्यांचं उदाहरण अर्धंच का घ्यायचं? त्यांच्या हातात १०×४२ असते हे बरोबर, पण ते बघतात कसे? चालता चालता नव्हे. ते उतारावर बूड टेकतात, पाठ दगडाला लावतात, कोपरं गुडघ्यांवर ठेवतात. ट्रायपॉड असेल तर बहुतेक दुर्बिणींच्या मधल्या बिजागरीच्या टोकाला एक झाकण असतं, ते फिरवून काढलं की आत आटे दिसतात, तिथे अडॅप्टर बसवतात. मग समोरच्या डोंगराचे मनातल्या मनात पट्टे पाडतात. दुर्बीण एका जागी स्थिर ठेवून आत फक्त डोळा फिरवायचा. कडेपासून कडेपर्यंत झालं की दुर्बीण अर्ध्या दृश्याइतकी सरकवायची, म्हणजे आधीचा अर्धा भाग पुन्हा दिसतो. एका उतारावर तास-दोन तास सहज जातात. पूर्ण जनावर शोधायचंच नाही. कान, पाठीची आडवी रेघ, झुडपात न शोभणारा एखादा रंग शोधायचा.

ही रीत मी सह्याद्रीत बिनदिक्कत वापरतो आणि सगळ्यांना सांगतो. कड्यावर आधी पक्षी शोधू नका, विष्ठेचे पांढरे ओघळ शोधा. काळ्या बेसॉल्टवर ते साध्या डोळ्यांनाही कळतात. ओघळ जिथे सुरू होतो त्याच्या वरची कपार म्हणजे कुणाची तरी बैठक: गिधाडाची, नाहीतर शाहीन ससाण्याची. दुर्बीण तिथे लावा, कोपरं सॅकवर टेका आणि थांबा. असं बसायची तयारी असेल तर १०×४२ जरूर घ्या, माझी काहीच ना नाही. पण आपले बहुतेक ट्रेकर उभ्याने, चालता चालता, ‘बघू रे, दे जरा’ करत बघतात. त्यांच्या हाती शिकाऱ्याचा आकडा देऊन त्याची बैठक दिली नाही, तर दुर्बीण दिवाळीच्या साफसफाईपर्यंत कपाटात पडून राहते.

राहता राहिली ती दीड हजाराची ३०×६०. इथे मात्र मी गप्प बसणार नाही. ती विकत घेऊ नका. कुणाकडे असेल तर पट्टी घेऊन समोरच्या भिंगाचा व्यास मोजा. साठ मिलिमीटर म्हणजे सहा सेंटिमीटर, छोट्या वाटीच्या तोंडाएवढा. हातात असते ती खिशात मावणारी वस्तू, भिंग तीन सेंटिमीटरचंही नसतं. पुढे त्यावर बऱ्याचदा ‘१२६ मीटर/१००० मीटर’ असं छापलेलं असतं. हजार मीटरवर १२६ मीटर म्हणजे सव्वासात अंश. खरंच तीस पट असती तर डोळ्यासमोर दोनशे सोळा अंशांचं दृश्य आलं असतं, म्हणजे कानामागचंही दिसलं असतं! लालभडक भिंगाची तर कथाच वेगळी. ते तांबडा प्रकाश बाहेर परतवतं, त्यामुळे आतलं सगळं हिरवट दिसतं आणि पक्ष्याच्या रंगाचा बोऱ्या वाजतो. वरून दोन नळ्या एका रेषेत नसल्या की दहा मिनिटांत डोकं धरतं, आणि माणूस समजतो आपल्याला दुर्बीण सोसत नाही.

महाग दुर्बिणीत पैसे जातात कुठे, तर आत. लेप नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावर साधारण चार टक्के प्रकाश परत फिरतो. दुर्बिणीच्या एका नळीत असे दहा पृष्ठभाग धरले तरी तिसरा हिस्सा प्रकाश वाटेतच संपतो, आणि इकडेतिकडे परतून दृश्यावर पांढुरकी झाक आणतो ती वेगळीच. १९३५ मध्ये झाइसमधल्या अलेक्झांडर स्मकुला यांनी काढलेल्या लेपाने हे बरंचसं थांबवलं. सरळ नळ्यांच्या दुर्बिणीत आणखी एक भानगड असते. तिच्या प्रिझमच्या धारेवर प्रकाश दुभंगतो, पुन्हा जुळताना पुढेमागे होतो आणि कडा मऊ पडतात. त्यावरचा लेप झाइसनेच १९८८ मध्ये आणला. त्या काळी तो फक्त श्रीमंतांच्या दुर्बिणीत असे, आता दहा-पंधरा हजारांतही मिळतो. तुम्ही ज्याला चैन म्हणता ती हीच. लाखांच्या दुर्बिणी मी कुणालाच सुचवल्या नाहीत. त्यातली शेवटची थोडीशी सुधारणा फार महाग पडते.

दहा हजारही जड वाटत असतील तर चांगल्या कंपनीची, खांदे रुंद असलेली जुन्या घाटाची पोरो प्रिझमची ८×४० घ्या. तिला त्या दुसऱ्या लेपाची गरजच नसते, त्यामुळे कमी पैशांत दृश्य छान मिळतं. फक्त ती बहुधा जलरोधक नसते. मुंबईच्या पावसाळ्यात कपाटात ठेवलीत तर गणपतीपर्यंत भिंगावर बुरशीची जाळी धरेल. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा.

घेताना फोर्टमधल्या दुकानात काउंटरवरच हो म्हणू नका. परवानगी घेऊन फुटपाथवर या. समोरच्या गच्चीवरच्या अँटेनावर कावळा बसलेला असतोच. उजळ आभाळावर त्याच्या काळ्या पाठीला जांभळी-हिरवी किनार किती दिसते ते बघा, मग तोच कावळा दृश्याच्या कडेला नेऊन बघा. चष्मा असेल तर चष्म्यासकट बघा; पूर्ण गोल दिसत नसेल तर ती दुर्बीण तुमची नाही, कंपनी कोणतीही असो. जमलं तर संध्याकाळी जा.

तुमचा शेवटचा प्रश्न जरा उपरोधाने आलाय, पण तो रास्त आहे: ‘हिवाळ्यात स्पितीला हिमबिबट्या बघायला चाललोय, तिथेही ८×४२ च नेऊ का?’ नाही. तिथे तुमच्या शिकाऱ्यांचंच ऐका. उघडे उतार, कोरडी थंड हवा, मैलभर अंतरं, आणि दिवसभर एका जागी बसणं. स्पितीतलं किब्बर गाव चार हजार मीटरच्या वर आहे, चालण्यापेक्षा बसणंच जास्त होतं. १०×४२ न्या आणि हलका ट्रायपॉड न्या. १५×५६ चं वजन सव्वा किलोच्या घरात जातं. सोबतच्या स्थानिक वाटाड्याकडे स्पॉटिंग स्कोप (ट्रायपॉडवर लावायची एकनळी मोठी दुर्बीण) असेल तर तिची गरज नाही, आधी विचारून घ्या. बिबट्या शोधू नका, भरल आणि आयबेक्स या रानमेंढ्या-रानबकऱ्यांचे कळप शोधा, आणि सगळा कळप एकाच दिशेला टक लावून उभा राहिला की तिकडे बघा. आयपीसवर (डोळ्याकडच्या भिंगावर) श्वास पडू देऊ नका, थंडीत त्याचा तिथल्या तिथे बर्फ होतो. संध्याकाळी गरम खोलीत येताना दुर्बीण बाहेरच पिशवीत बंद करा आणि तासभर उघडू नका. ट्रायपॉडचा अडॅप्टर मात्र इथूनच घेऊन जा, आणि तुमच्या दुर्बिणीच्या आट्यांत तो बसतो ना हे दुकानातच लावून बघा.